मामींच्या फाईलमधलं स्टिकर

नमस्कार श्रोतेहो.

दुकानं वाढली की भाव उतरतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग तालुक्या-तालुक्याला हॉस्पिटलं वाढली, तरी बिलं का उतरली नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या मामींच्या एका फाईलमध्ये सापडलं. ती हकिकत आज सांगतो.

माझं आजोळ तासगाव. 2016 सालचा ऑक्टोबर, फळछाटणीचे दिवस. मामा द्राक्षाच्या बागेत होते, कात्री हातात, आणि छातीत कळ आली. बनियन घामानं चिंब. संध्याकाळपर्यंत त्यांना शहरातल्या एका हॉस्पिटलात नेलं. रात्री अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर ओढलेला. म्हणाले, "एक नस जवळजवळ बंद आहे. स्टेंट आत्ताच टाकावा लागेल. तीन प्रकारचे आहेत. 55 हजार, 85 हजार आणि सव्वा लाख. कोणता टाकू?" स्टेंट म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी.

आता माझे मामा-मामी कसे, ते सांगायला हवं. तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात, तुम्हाला ठाऊक असेल. व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग बघतो, बोटानं दाबतो, दाणा तोंडात टाकतो. भाव पटला नाही तर शेतकरी सौदा मोडतो आणि माल परत कोल्ड स्टोरेजला ठेवतो. मामांनी असे कितीतरी सौदे मोडलेत. मामी तर कोथिंबिरीची जुडी देठापर्यंत उलगडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाहीत. त्या मामींनी त्या रात्री एकच विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घरातलं माणूस असतं तर कुठला टाकला असता?"

"मधला चांगला आहे."

"मग मधला टाका."

सौदा झाला. मिनिटसुद्धा लागलं नाही. आत मामा टेबलावर होते. वस्तू कुणी हातात घेतली नव्हती, कुणी पाहिली नव्हती, दुसरीकडे विचारायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी मामांचा जीव वाचवला. मामा आजही छाटणीला उभे राहतात, त्याबद्दल आम्ही त्यांचे कायमचे ऋणी आहोत. माझं म्हणणं आहे ते बाजाराबद्दल.

घरी सोडताना फाईल मिळाली. तिच्यात स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर चिकटवलेलं होतं. कंपनी, लांबी-जाडी मिलिमीटरमध्ये, बॅच नंबर. मामींनी ती फाईल सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली.

फेब्रुवारी 2017. मामेभाऊ सकाळी पेपर मोठ्यानं वाचत होता. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा स्टेंट जास्तीत जास्त 7,260 रुपये, औषध लावलेला 29,600. मामी चुलीपासून उठल्या, पेटी उघडली, फाईल काढली. स्टिकरवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो त्यातलाच का बघ." तो औषध लावलेलाच होता.

मामी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे चार महिन्यांनी कळ आली असती तर पंचावन्न हजार वाचलं असतं व्हय?"

श्रोतेहो, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

असं का होतं? कंपनी स्टेंट मामींना विकत नाही, हॉस्पिटलला विकते. दोन कंपन्यांची चढाओढ लागली, तर ती हॉस्पिटलसाठी लागते. छापील किंमत जास्त आणि हॉस्पिटलला पडणारी किंमत कमी, म्हणजे हॉस्पिटलला उरणारा मधला फरक मोठा. ज्याच्या मालात फरक मोठा, तो माल कपाटात पुढे येतो. म्हणून इथे स्पर्धेनं छापील भाव चढतो. पुन्हा सांगतो, स्पर्धेनं भाव चढतो. कारण निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. प्राधिकरणानं तेव्हा आकडे मागवले, तर हॉस्पिटलच्या पातळीवर किमतीत पडणारी भर 650 टक्क्यांच्या घरात गेलेली दिसली.

मर्यादासुद्धा आपोआप आली नाही. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान यांनी उच्च न्यायालयात हा विषय लावून धरला, जुलै 2016 मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, आणि मग दर बांधता आला. तेव्हा काही कंपन्यांनी आपले नवे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली. ही अडचण खरी आहे. दर बांधला की नवं यायला कचरतं. आणि एका वस्तूचा दर बांधला की पैसा बिलाच्या दुसऱ्या ओळीत सरकू शकतो. तरीही मी दर बांधण्याच्या बाजूचा आहे. छातीत कळ आलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. ती त्याच्या वतीनं कुणीतरी आधीच करून ठेवली पाहिजे.

त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती दरापेक्षाही मोलाची वाटते. स्टेंटची किंमत, नाव, कंपनी, बॅच नंबर हे सगळं हॉस्पिटलनं बिलात वेगळं दाखवायचं. ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्यांचेही दर बांधले गेले. आपल्या राज्यात 2021 मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले. खाजगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर लावणं बंधनकारक झालं. तो फलक शोधा. दिसला नाही तर मागा.

पुढे मामींच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मामी बरोबर गेल्या, पिशवीत मामांची ती जुनी फाईल. काउंटरवर गेल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "गुडघ्यात बसवणार ते कुठल्या कंपनीचं, सरकारी दर किती, आणि बिलात ते वेगळं लिहून द्या." काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मामींनी एकेक ओळ वाचून घेतली, अगदी ड्रेसिंगच्या कापसापर्यंत. मागे रांग थांबली होती. कुणी घाई केली नाही. उलट रांगेतले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "मावशी, आमचंबी विचारा की."