दर वाढला म्हणजे पगार वाढला का? ट्रक ड्रायव्हरने नोकरी बदलताना काय मोजावं

नमस्कार. गाडी बाजूला लावलेली असते आणि फोन येतो. "आमच्याकडे या, किलोमीटरमागे वीस टक्के जास्त देतो." घरचे हप्ते डोळ्यांसमोर असतातच, त्यामुळे मनात लगेच गुणाकार सुरू होतो. माझ्याही मनात झाला होता आणि तो चुकला होता. म्हणून आज हा विषय घेतलाय.

मी बरीच वर्षं ट्रक चालवला. अशाच एका फोनवर चांगली चाललेली नोकरी सोडली. सांगितलेला दर खरा होता, त्यात फसवणूक नव्हती. पण गाडी जुन्या ठिकाणी धावायची तेवढी धावेना. हे बघा, आधी महिन्याला 10,000 किलोमीटर होत असतील आणि नव्या ठिकाणी 8,000 झाले, तर वीस टक्के वाढीव दराने हातात येतात जुन्या हिशोबाने 9,600 किलोमीटरचे पैसे. दर वाढला, पगार मात्र घटला.

मग बाकीचे किलोमीटर गेले कुठे? गेटवर. तिथला एक दिवस मला अजून आठवतो. सकाळी सहाला गोदामाबाहेर रांगेत गाडी लावली. हातात नंबरची चिठ्ठी. पुढची गाडी हातभर सरकली की आपलीही सरकवायची, म्हणून डोळा लावायची सोय नाही. दुपारी तीनला आत घेतलं, साडेपाचला गाडी खाली झाली. साडेअकरा तासांत मीटर फिरला जेमतेम दोनशे मीटर. पैसेही तेवढ्याचेच. थांबण्याचे पैसे देतात का, हे मी फोनवर विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, दर बघू नका, तास बघा. आजच्या नोकरीत दोन आठवडे एक छोटी वही केबिनमध्ये ठेवा. घरातून निघाल्याची वेळ लिहा, गाडी भरायला किती लागले, खाली व्हायला किती लागले तेही लिहा, आणि घरात पाऊल ठेवलं ती वेळ लिहा. मग मिळालेल्या पैशाला त्या सगळ्या तासांनी भागा. स्टिअरिंग हातात होतं तेवढ्याच तासांनी नाही, घराबाहेर गेलेल्या सगळ्या तासांनी.

आता नवीन नोकरीला हीच फूटपट्टी लावा. समजा, पगार खरंच वीस टक्क्यांनी वाढणार, पण आज महिन्याचे 240 तास जातात आणि तिथे 312 जाणार. म्हणजे तास तीस टक्क्यांनी वाढले आणि पगार वीसच टक्क्यांनी. तुमचा एक तास पूर्वीपेक्षा स्वस्तात गेला. हे 72 तास तुमच्या झोपेतून आणि मुलांच्या वाट्यातून जातात. कर्ज डोक्यावर असेल तर काही काळ असा सौदा माणूस करतो, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण आपण काय विकतोय हे माहीत असू द्या.

नव्या ठिकाणचे तास कळणार कसे? फोन करणाऱ्याला विचारून नाही. त्यांच्याच गाडीवरचा ड्रायव्हर पार्किंगमध्ये गाठा. रिकाम्या गाडीचे किलोमीटर धरतात का? किलोमीटर मीटरवरचे मोजतात की नकाशावरचे? गाडी गॅरेजला लागली तर त्या दिवसांचं काय? माल फुटला तर कोणाच्या पगारातून जातो? तो बोलतोय तोवर त्याच्या गाडीचे टायरही बघून घ्या. नोकरीत येताना देतात त्या बोनसचंही विचारा, वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात का?

आता जिवाची गोष्ट. पैसे फक्त धावण्याचे मिळत असतील, तर गेटवर गेलेले तास माणूस रात्री भरून काढायला बघतो. सलग 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा मंदावतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. युरोपियन युनियनच्या 2006 च्या नियमात तर स्पष्ट लिहिलंय की अंतरावर किंवा मालाच्या वजनावर ड्रायव्हरला दिलेला मोबदला रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका आणत असेल, तर तो देता येणार नाही. तिथेच साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती सक्तीची आहे. कायदा करणाऱ्यांनाही दर आणि झोप यांचं नातं कळलं, ते उगाच नाही. ठरावीक पगार आणि थांबण्याचे पैसे देणारी नोकरी, दर थोडा कमी असला तरी, मी आधी निवडेन.

पण काही नोकऱ्यांत राहूच नये, असंही होतं. ब्रेक नीट नाहीत हे सांगूनही मालक "एवढी ट्रिप मारून ये" म्हणत असेल, तर कमी पगारावरसुद्धा तिथून निघा. पगार दर महिन्याला लांबत असेल तरीही निघा. बाकी सगळं ठीक असेल आणि फक्त पैसे कमी पडत असतील, तर आधी वही घेऊन आजच्या मालकासमोर बसा. "एवढे तास गेटवर गेले, याचे काहीतरी द्या" हे आकड्यांसकट सांगितलं की टाळणं अवघड जातं. नियम सांभाळणारा, गाडी न ठोकणारा ड्रायव्हर सहज मिळत नाही, हे मालकालाही माहीत असतं.

आणि जायचं ठरलंच, तर दर, थांबण्याचे पैसे, सुट्ट्या, सगळं लेखी मागा. जुन्या ठिकाणची उचल फेडा, राहिलेला हिशोब आणि अनुभवाचा दाखला घ्या. नव्या नोकरीचं पत्र हातात पडल्यावरच जुन्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवा.