पाण्याच्या जिन्यावरचे जहाज : पनामा कालवा

श्रोतेहो, कालवा म्हटला की दोन समुद्र जोडणारा खोल चर डोळ्यांसमोर येतो. सुएझपुरते ते खरेही आहे. पनामात मात्र जहाज पाण्याच्या जिन्याने अक्षरशः डोंगर चढते. अटलांटिककडून आलेले जहाज गाटुन येथील तीन लॉकमधून, म्हणजे दारे असलेल्या प्रचंड हौदांतून, सुमारे २६ मीटर वर उचलले जाते, चाग्रेस नदी अडवून केलेला गाटुन तलाव ओलांडते, कुलेब्राचा डोंगर फोडून काढलेल्या खिंडीतून सरकते आणि पेद्रो मिगेल व मिराफ्लोरेस येथील तीन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागते. या हौदांना पंप नाहीत. तलावाचे पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून उतारानेच खाली येते, जहाजाला उचलते आणि शेवटी समुद्रात जाते. जुन्या लॉकमधून जाणाऱ्या एका जहाजामागे असे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडते, आणि ते सगळे पावसाचे.

हा जिना पहिल्यांदा कोणी बांधायलाच घेतला नव्हता. सुएझचे यश गाठीशी असलेल्या फर्दिनांद द लेसेप्स यांनी १८८१ मध्ये इथेही समुद्रसपाटीचाच कालवा खणायला घेतला; १८८९ मध्ये कंपनी बुडाली, तोवर अंदाजे २२,००० माणसे दगावली होती, बहुतेक पीतज्वराने आणि हिवतापाने. फ्रेंचांच्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवत (आपणही गोडाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतोच) आणि नेमके त्याच पाण्यात डास वाढत. हिवतापातला डासाचा हात पुढे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत उघड केला. पीतज्वराचे कोडे १९०० मध्ये क्युबात सुटले. १९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतल्यावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी डबकी बुजवली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले आणि दोनेक वर्षांत पीतज्वर हटवला. श्रेय इंजिनिअरांना मिळते. मी पहिला मान गॉर्गस यांना देईन.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज कालव्यातून पार झाले आणि अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमधला सागरी प्रवास सुमारे १५,००० किलोमीटरने घटला. कालवा पनामाच्या पूर्ण ताब्यात आला तो १९९९ च्या अखेरीस.

२०१६ मध्ये मोठी लॉक झाली, त्यांच्या बाजूला वापरलेल्या पाण्यापैकी ६० टक्के पुन्हा वापरता येईल असे साठे बांधले, तरी २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा दिवसाला सुमारे ३६ जहाजांऐवजी वर्षअखेरीस २२ वरच थांबावे लागले; एका कंपनीने रांग चुकवण्यासाठी लिलावात जवळपास ४० लाख डॉलर मोजले. पनामा शहर आणि कोलोन यांचे पिण्याचे पाणीही याच कालव्याच्या खोऱ्यातून येते. म्हणून आता शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर धरण बांधायचे ठरते आहे, आणि ज्यांची घरे व शेती त्या पाण्याखाली जाणार आहेत ते गावकरी होड्यांतून मोर्चे काढत आहेत.