कचरा उचलणारे हात

नमस्कार श्रोतेहो.

रस्ते झाडणं आणि रस्त्यांवर दिवे लावणं ही दोन्ही कामं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या 63व्या कलमात एकाच यादीत आहेत. वाटलं तर करावीत अशी ती नाहीत, महापालिकेवर बंधनकारक आहेत. ती एकत्र आहेत हे मला फार योग्य वाटतं. ज्या वळणावरचा दिवा बंद, तिथेच रात्रीतून पिशव्या पडतात. मग कुत्री जमतात आणि क्लासवरून परतणाऱ्या मुली तो फूटपाथ सोडून भर रस्त्यातून चालू लागतात.

आज मात्र मला बोलायचं आहे ते या जागा स्वच्छ करणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या महिला पूर्वी चौकातल्या कंटेनरमध्ये उतरून पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच शोधायच्या. पाठीवर पोतं दिसलं की लोक त्यांना चोर समजून हटकायचे. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली आणि या बायकांच्या हातात, हटकणाऱ्याला दाखवता येईल असं काहीतरी आलं. पुढे 2008 मध्ये महापालिकेने याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. कंटेनरमध्ये उतरणारी बाई आता आपल्या दाराशी कचरा घ्यायला येऊ लागली. महिन्याचे पैसे घराघरातून, आणि सुक्यातलं जे विकलं जाईल ते तिचं. माझ्या मते पुण्याच्या पालिकेने घेतलेल्या उत्तम निर्णयांपैकी हा एक आहे. ज्यांना हे काम आधीपासून येत होतं, त्यांनाच ते सन्मानाने करू दिलं.

पण दारापर्यंत आलेल्या या बाईच्या हाताला काय लागतं?

डायपर किंवा वापरलेलं पॅड सुक्या कचऱ्यात टाकलं, की ते तिला हाताने बाजूला काढावं लागतं. गुंडाळी उघडेपर्यंत आत काय आहे हे कळत नाही. यावर पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम निघाली. कागदात नीट गुंडाळायचं, वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा, आणि वेगळं द्यायचं. ठिपका दिसला की ती गुंडाळी कोणी उघडत नाही. एवढं साधं काम आहे, आणि तरीही किती घरांतून होत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी तर पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनीच गुंडाळायला वेष्टन द्यावं असं सांगितलं होतं. पाकिटात ते नसेल, तर कंपनीला जरूर विचारा.

दाढीची पाती, फुटलेली काच, इन्शुलिनच्या सुया यांचंही तेच. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. घरातल्या सुया 2016 च्या त्या नियमांनी घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्यात नाही, सुक्यातही नाही. तुमच्या भागात त्या कुठे स्वीकारतात, हे कोठीवरच्या, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणच्या, मुकादमांना विचारून घ्या.

आणि थोडं पालिकेलाही विचारा. प्रभागातला बंद दिवा किंवा न उचललेला ढीग याची तक्रार आपण करतो, ती केलीच पाहिजे. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या रस्त्यावर झाडणाऱ्यांना हातमोजे शेवटचे कधी मिळाले? आणि पहाटेपासून कामावर असलेल्या त्या बाईने स्वच्छतागृहाला कुठे जायचं? उत्तर लेखी मागा.

नमस्कार.