भरतीची जाहिरात निघाली की थेट ईमेल येईल, पण पानाचा योग्य भाग निवडा

नमस्कार मंडळी. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसलेल्या पोरापोरींसाठी आजचा व्हिडिओ. जाहिरात निघाली का, हे बघायला तुम्ही वेबसाईटचं तेच पान दिवसातून चारदा उघडता. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या भरवशावर राहता, आणि तिथं कधी कधी गेल्या वर्षीची पीडीएफ फिरत असते. ही राखण मशीनला करू द्या.

व्हिज्युअलपिंग, डिस्टिल अशा सेवा आहेत. थोड्या पानांसाठी पैसे लागत नाहीत. पानाचा पत्ता टाकायचा, ईमेल द्यायचा. सेवा ठरावीक वेळाने पान उघडते, मागच्या प्रतीशी ताडते, फरक दिसला की मेल. गूगल अलर्ट्स वेगळं, बरं का. ते नवे सर्च रिझल्ट कळवतं, एका ठरावीक पानावर नजर ठेवत नाही.

आता स्क्रीनकडे बघा. जिल्ह्याच्या वेबसाईटवरचं भरतीचं पान. मधे तक्ता आहे: शीर्षक, तारखा, पीडीएफची लिंक. तळाशी पान शेवटचं कधी अपडेट झालं ती तारीख. काही साईटवर भेट देणाऱ्यांचा आकडाही असतो. अख्खं पान निवडलं तर तो आकडा हलला तरी मेल येणार. असे फुकाचे मेल आले की माणूस उघडणंच सोडतो, आणि खरी जाहिरात त्यातच दबून जाते. म्हणून डिस्टिलमध्ये माउस तक्त्यावर न्या, चौकट उमटली की क्लिक करा. एवढाच भाग.

मला सगळ्यात जास्त काळजी शुद्धिपत्रकाची वाटते. जाहिरात सगळे फॉरवर्ड करतात. पण जागा कमी झाल्या, अटी बदलल्या, मुदत वाढली, हे कोण कळवतं? शुद्धिपत्रक नव्या ओळीत आलं तर तक्ता बदलतो, मेल येतो. पण त्याच लिंकवर नुसती फाईल बदलली तर पान जसंच्या तसं दिसतं. त्यासाठी त्या पीडीएफचा पत्ता वेगळा लावा.

डिस्टिल फक्त ब्राउझरमध्ये चालवलंत तर अभ्यासिकेतला कॉम्प्युटर बंद झाला की तपासणीही बंद. क्लाउडचा, म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवरून तपासण्याचा, पर्याय निवडा. अर्ज भरायला सहसा काही दिवस तरी असतात, त्यामुळे दिवसातून दोन-चारदा तपासलं तरी भागतं. दर मिनिटाला लावून सर्व्हरवर ताण टाकू नका. लॉगिनमागचं पान, म्हणजे तुमच्या स्वतःच्या अर्जाची स्थिती, यात लावू नका. पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही.

आणि पहिला मेल स्पॅममध्ये तर गेला नाही ना, तेवढं आजच तपासा.