सपाट प्लायला बाक कुठून येतो

मंडळी, माझी होडी आठ फुटांची. ती नाशिकमध्ये, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तयार झाली. सुतारकाम मी शिकलेलो नाही. म्हणून आज मला सर्वांत जास्त छळलेल्या प्रश्नाबद्दलच बोलतो: सपाट प्लायला बाक येतो कुठून?

फळ्या वाफवून वाकवायला पिढीजात हात लागतो. घरी करणाऱ्यासाठी टाके घालायची पद्धत आहे: प्लायच्या पट्ट्या तारेने शिवायच्या आणि सांधे चिकटवायचे. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी अशीच निघाली आणि हजारो हौशी लोकांनी ती घरी बांधली. टाके आपल्याला नवे नाहीत. 2025 मध्ये कारवारला नौदलात आलेल्या ‘कौंडिण्य’ जहाजाच्या फळ्या काथ्यानेच शिवल्या आहेत.

मी सहा मिलिमीटरच्या दोन शीट आणल्या. तळाच्या आणि बाजूच्या पट्ट्या कापल्या, कडेने भोकं पाडली, तांब्याची तार ओवली. शेजारच्या पट्ट्यांच्या कडा वेगवेगळ्या गोलाईच्या असतात. तार पिळून त्या जुळवायला गेलं की प्लायला वाकावंच लागतं. आईने नकाशा पाहिला आणि म्हणाली, “अरे, हे तर कटोरी ब्लाउजचं कटिंग!” मला महिनाभर न कळलेलं तिला एका नजरेत कळलं होतं.

प्लाय घेताना आयएस 710चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा आणि कड निरखा. आत पोकळी असेल तर वाकवताना शीट नेमकी तिथेच मोडते.

नंतर सांधे. इपॉक्सीत, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून होणाऱ्या गोंदात, बारीक लाकडी भुसा कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, आतल्या कोपऱ्यात चमच्याच्या पाठीने गोल भरायचं, वर काचेच्या कापडाची पट्टी. ते सुकलं की तारा काढून बाहेरूनही पट्टी. हातमोजे आणि मास्क हवेतच.

इथे माझी चूक सांगतो. मे महिन्याच्या दुपारी मी मगभर इपॉक्सी कालवलं. थोड्याच वेळात मगातून धूर निघायला लागला. ते घट्ट होताना उष्णता सोडतं, उष्णतेने आणखी वेगाने घट्ट होतं, आणि खोल भांड्यातून उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून पसरट ताटली, थोडं-थोडं मिश्रण, आणि शक्यतो दिवाळीनंतरचे कोरडे दिवस. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. प्रमाण चुकलं तर सांधा कच्चा राहतो. वजनकाटा घ्या.

गंगापूर धरणाचं पाणी शहराला प्यायला जातं. परवानगीशिवाय तिथे होडी उतरवायची नाही. पहिली चाचणी मी एका द्राक्षबागायतदार मित्राच्या शेततळ्यात घेतली. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय सटकतो, म्हणून लाइफ जॅकेट घातलं, होडीला दोर बांधला. होडी भरली 34 किलो, मी 70. म्हणजे 104 लिटर पाणी बाजूला सारलं की ती मला उचलणार. तरी मी आत बसलो नाही. माझ्याऐवजी पाण्याने भरलेले वीस लिटरचे चार जार ठेवले, तळाला वर्तमानपत्र पसरलं.

तासाभराने होडी काठाला ओढली. कागद कोरडा होता. आईने वाकून चार बोटांनी सांधा चाचपला, आणि पदर खोचला.