पाऊस आणि पैसा, दोन्हींना एकच शब्द: बोत्सवानाचं 'पुला'

नमस्कार मंडळी!

(स्क्रीनवर नोट)

ही आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या बोत्सवाना देशाची नोट. तिथल्या चलनाचं नाव पुला, आणि त्यांच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस. सुट्टे पैसे म्हणजे थेबे, त्याचा अर्थ ढाल. १९७६ पर्यंत तिथे दक्षिण आफ्रिकेचा रँड चालायचा. स्वतःचं चलन काढायची वेळ आली, तेव्हा त्यांनी घरोघरी ज्याची वाट बघतात त्याचंच नाव दिलं. राष्ट्रचिन्हावर हाच शब्द, झेंड्याचा आकाशी रंग पाण्याचा. सभेत भाषण संपलं की लोक मोठ्याने म्हणतात, "पुला!"

देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख, म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही कमी. बराचसा भाग कालाहारी वाळवंटाचा, कोरडा. आणि नावांची गंमत बघा: देश बोत्सवाना, भाषा सेत्स्वाना, एक माणूस मोत्स्वाना, अनेक असले की बात्स्वाना. मूळ शब्द तोच, फक्त सुरुवात बदलते.

हिरे आणि हत्तींवर व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघा. मला आज सांगायचंय ते खोत्लाबद्दल. कारण हा देश कळायचा असेल तर माझ्या मते खाणीच्या आधी खोत्ला बघावा.

खोत्ला म्हणजे गावाची बैठकीची जागा. लाकडी खांब जवळजवळ रोवून केलेली अर्धचंद्राकृती भिंत, सावलीला मोठं झाड आणि समोर मोकळं अंगण. गावाचा प्रमुख, म्हणजे खोसी, तिथे बसतो. भांडणं तिथे मिटतात, छोट्या चोऱ्यांचे खटले आजही तिथे चालतात, आणि सरकारची नवी योजना आली की मंत्र्यालाही तिथे येऊन लोकांना समजावून सांगावी लागते. म्हण आहे, 'खोसी के खोसी का बाथो': खोसी हा लोकांमुळे खोसी. दुसरी म्हण सांगते, खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदर. म्हणजे कोणी वाकडं बोललं, प्रमुखाच्या तोंडावर बोललं, तरी त्याला मध्येच गप्प करायचं नाही.

एके काळी बायकांना इथे बोलायची मुभा नव्हती, हेही खरं. आता त्या बोलतात. २००३ मध्ये बालेते समाजाच्या प्रमुखपदी तर मोसादी सेबोको ही स्त्रीच बसली.

आता जरा १९४८-४९ मध्ये चला. गाव सेरोवे. बामांग्वातो समाजाचा तरुण वारस सेरेत्से खामा लंडनला कायदा शिकायला गेला होता. तिथे त्याने रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. वारस लहान म्हणून इतकी वर्षं गादी सांभाळणारा काका, त्शेकेदी, संतापला. खोत्ला भरला. एकदा, दोनदा. दोन्ही वेळा काकाचं पारडं जड. १९४९ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा हजारो लोक जमले. दिवसचे दिवस बोलणं झालं. शेवटी सेरेत्सेने विचारलं, माझी बायको ज्यांना मान्य नाही त्यांनी उभं राहावं. मोजकी माणसं उठली. मग म्हणाला, ज्यांना मान्य आहे त्यांनी उभं राहावं. अख्खं अंगण उभं राहिलं.

शेजारी दक्षिण आफ्रिकेत नुकतंच वर्णद्वेषी सरकार आलं होतं, त्या काळात हे घडलं! बोत्सवानावर तेव्हा ब्रिटिशांची सत्ता होती; त्या शेजाऱ्याला सांभाळायला त्यांनी सेरेत्सेला १९५० मध्ये हद्दपार केलं. सहा वर्षांनी तो परतला तो गादीवरचा हक्क सोडून. आणि ३० सप्टेंबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तोच पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी भरून येतं.

बरं, रोजचं जगणं कसं? पारंपरिक कुटुंबाची ठिकाणं तीन. मोत्से म्हणजे गावातलं घर, मासिमो म्हणजे शेत, आणि मोराका म्हणजे दूरवर गुरं ठेवायची जागा. राजधानी गाबोरोनेत ऑफिसात काम करणाऱ्याचंही मन मोराकाकडे असतं; डिसेंबरच्या सुट्टीत शहर रिकामं होतं. भेटल्यावर बाईला 'दुमेला म्मा', पुरुषाला 'दुमेला रा'. दुकानात शिरून नमस्कार न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणा. वस्तू देताना उजवा हात पुढे आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार.

लग्नाची बोलणी आईबाप करत नाहीत, दोन्हीकडची वडीलधारी करतात, आणि त्यात मालोमेचा, म्हणजे मामाचा, मान मोठा. (आपल्याकडे मामा नवरीला बोहल्यावर आणतो, त्यामुळे हे आपल्याला लगेच समजतं.) नवऱ्याकडून बोखादी, म्हणजे वधूमूल्य, द्यायचं, ते गुरांच्या रूपात.

आणि जेवणात सेस्वा हवंच. तीन पायांचं बिडाचं भांडं चुलीवर, त्यात गोमांस किंवा बकऱ्याचं मांस, पाणी आणि मीठ. मसाला काही नाही. तासन्‌तास रटरटतं, मग लाकडाने कुटून कुटून त्याचे धागे सुटे करायचे. लग्न असो वा मयत, हे काम पुरुषांचं. सोबत ज्वारीची घट्ट पेज, बोखोबे, आणि मोरोखो ही पालेभाजी. ज्वारी म्हटलं की आपल्यालाही घरचंच वाटतं!

ही ज्वारी, हे गवत, ही गुरं, सगळं त्या एका शब्दावर उभं. २०१५ मध्ये गाबोरोनेचं धरण कोरडं पडलं. राजधानीच्या नळांचं पाणी वारंवार जायचं. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत डिनेओ वादळ आत सरकलं, पाऊस लागला, आणि धरण काठोकाठ भरलं.

(स्क्रीनवर भरलेलं धरण)

पुला!