रात्री गॉगल कोण लावतं? सायन्स फिक्शनमधला काळा चष्मा

नमस्कार मंडळी, आज विषय आहे गॉगल. पण मॅट्रिक्स आणि टर्मिनेटरच्या आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण हा व्हिडिओ करावासा वाटला तो तिच्यामुळे.

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. इथेच ठाण्यात, नौपाड्यात. सगळं छान झालं, दुपारी रिक्षाने घरी आलो, आणि तिला तो काळा गॉगल दिला होता ना, बाजूनेही बंद असतो तो, तो लावून ती सोफ्यावर बसली. माझा भाचा, साडेतीन वर्षांचा, एरवी आजी दिसली की धावत जाऊन मांडीत बसणारा, तो दारातच थांबला. आई म्हणतेय ये रे ये, हात पुढे केलाय, आवाज तोच, साडी तीच, हसतेयसुद्धा, पण हा ताईचा ड्रेस धरून मागे लपलेला. मग हळूच म्हणाला, "आजी बघत नाहीये." ती त्याच्याकडेच बघत होती हो. पण त्याला ते दिसत नव्हतं, आणि डोळे दिसत नाहीत म्हणजे त्याच्यासाठी आजी अजून आलेलीच नव्हती.

त्या रात्री मी परत टर्मिनेटर लावला, पहिला, 1984चा, जेम्स कॅमेरॉनचा. त्यात एक सीन आहे, हॉटेलची कळकट खोली, टर्मिनेटर झालेला अर्नॉल्ड श्वार्झनेगर बेसिनसमोर उभा. मारामारीत एक डोळा खराब झालाय, तर तो धारदार पातं घेऊन स्वतःच्या डोळ्याचं मांस कापून काढतो, बुबुळ खाली पाण्यात पडतं, आणि आत लाल दिवा. (ते डोकं स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेलं नकली डोकं आहे, आज बघताना थोडं रबरी वाटतं, पण त्याने काही बिघडत नाही.) हा माणूस नाहीये, यंत्र आहे, हे आता डोळ्यांनी दिसलं आपल्याला. मग तो काय करतो? फडक्याने पुसतो, गॉगल लावतो, आरशात बघतो आणि केस नीट करतो. यंत्र केस नीट करतंय! मला तो सीन पातं डोळ्यात जातं म्हणून भीतीदायक वाटत नाही, त्या केसांमुळे वाटतो. कारण त्याला कळलंय की बाहेर माणूस म्हणून खपायचं असेल तर काय झाकायला लागतं. हात नाही, तोंड नाही, डोळा.

आणि त्याचा तो डायलॉग, "आय विल बी बॅक", मी परत येतो, तो आठवा. पोलीस स्टेशन, रात्रीची वेळ, आणि ह्याने गॉगल लावलाय. लहानपणी आम्हाला वाटायचं काय स्टाईल आहे, गल्लीत आम्ही रात्री गॉगल लावून तो डायलॉग मारायचो. स्टाईल नाहीच ती, त्या काचेमागे एका बाजूला डोळाच नाहीये. समोर काउंटरवर बसलेल्या पोलिसाला ते माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्या साध्या तीन-चार शब्दांत एवढी ताकद येते ती तिथून.

कॉस्च्युमचं काम असं असतं बघा. शर्ट, कोट, बूट हे सांगतात माणूस कोण आहे. गॉगल ही एकच वस्तू अशी आहे की ती काढून घेते, आपण समोरच्याला ज्याच्यावरून ओळखतो तेच काढून घेते, मग नटाकडे उरतं काय तर जबडा, मान आणि आवाज. म्हणून गॉगलमधला नट कमी हलतो, आणि जो कमी हलतो तो एकतर फार ताकदवान वाटतो नाहीतर माणूस वाटत नाही. सायन्स फिक्शनला ह्याच दोन गोष्टी हव्या असतात.

अजून एक, आपण मराठीत ह्याला गॉगल म्हणतो. इंग्रजीत गॉगल म्हणजे खरं तर कारखान्यात नाहीतर पोहताना लावायचा तो, डोळे वाचवायचा. आपण तो शब्द उचलला आणि फॅशनच्या काळ्या चष्म्यालाही तेच म्हणायला लागलो, डोळे आले की गॉगल, उन्हात गॉगल, लग्नाच्या वरातीत गॉगल. मला हे फार आवडतं, कारण डोळे वाचवणं हे त्या शब्दात आहेच.

आणि वाचवण्यावरून बाबा आठवतात. बाबा वागळे इस्टेटला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमधे होते. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो, आणि वेल्डिंग चालू असलं की लांबूनच ओरडायचे, बघू नको तिकडे! एकदा बघितलं मी, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं, झोपच नाही. मग एक दिवस त्यांनी ती काळी काच माझ्या हातात दिली, म्हणाले, आता बघ. डोळ्यासमोर धरली तर पूर्ण अंधार, शॉप नाही, बाबा नाहीत, काहीच नाही. आणि मग त्यांनी रॉड टेकवला, आणि त्या अंधारात फक्त एक ठिणगी आणि खाली वितळलेल्या लोखंडाचा छोटासा थेंब, सरकतोय, हळूहळू. उघड्या डोळ्यांना तिथे नुसता पांढरा झगझगाट दिसतो. काळ्या काचेतून खरं काम दिसतं.

1988 साली जॉन कारपेंटरने ह्याच गोष्टीवर अख्खा पिक्चर काढला, दे लिव्ह. नोकरी शोधत फिरणारा एक मजूर, रॉडी पायपर, कुस्तीवाला होता तो मूळचा, त्याला काळ्या चष्म्यांनी भरलेला एक खोका सापडतो. एक लावतो आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चालायला लागतो, तर सगळं ब्लॅक अँड व्हाईट, आणि जाहिरातींचे बोर्ड बदललेले. रंगीत फोटो गायब, पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरात नुसतं "आज्ञा पाळा". सुट्टीला चला म्हणणाऱ्या जाहिरातीच्या जागी "लग्न करा, पोरं काढा". नोटेवर लिहिलंय "हा तुमचा देव आहे". आणि काही माणसं माणसं नाहीतच, कवटीसारखे चेहरे, परग्रहावरून आलेले.

म्हणजे टर्मिनेटरमधे गॉगल खरं झाकतो आणि इथे गॉगल खरं दाखवतो, मधे फक्त चार वर्षं गेलीत. पण मला ह्यातला सगळ्यात मोठा सीन पाट्यांचा वाटत नाही, मारामारीचा वाटतो. हा आपल्या मित्राला म्हणतो, एकदा लावून बघ. मित्र म्हणतो, नाही लावत. आणि त्यावरून गल्लीत दोघं एकमेकांना पाच मिनिटांहून जास्त बडवतात, नुसता चष्मा लावायचा की नाही ह्याच्यावरून! पहिल्यांदा बघताना वाटतं, अरे बास की आता. पण खरंच विचार करा, घरी कुणाला न पटणारी गोष्ट दाखवायला गेलात कधी? त्या मित्राला बायकापोरं आहेत, काम मिळालंय, त्याला नकोय ते बघायला. आणि फुकटातही नाही मिळत ते दिसणं, चष्मा जास्त वेळ लावला की डोकं दुखतं त्या पिक्चरमधे.

आपल्याकडे ह्याच्याच एक वर्ष आधी, 1987ला, मिस्टर इंडिया आला होता, त्यात अदृश्य माणूस दिसतो कधी तर लाल प्रकाशात. दोन देशांत, पाठोपाठच्या वर्षांत, एकच विचार: उजेडाचा रंग बदला, लपलेलं दिसेल. मला हे कुणी दाखवलं नव्हतं, एकदा ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाताना खिडकीशी बसून सुचलं आणि तुर्भे येईपर्यंत मी तेच घोळवत होतो.

मेन इन ब्लॅक, 1997, परग्रहवासीयांवर नजर ठेवणाऱ्या गुप्त एजंटांचा पिक्चर, पटकन सांगतो. तिथे गॉगल म्हणजे आठवण. ते चमकणारं यंत्र समोर धरलं की ज्याच्या डोळ्यावर काळा चष्मा आहे त्याला आठवतं, ज्याच्या नाही तो विसरतो. शेवटी म्हातारा एजंट स्वतः गॉगल न लावता त्या यंत्रासमोर उभा राहतो, मला विसरू दे म्हणून. विनोदी पिक्चर आहे, पण तिथे माझ्या घशात काहीतरी अडकतं.

आता मॅट्रिक्स. 1999. गोष्ट अशी की यंत्रांनी माणसांना कॉम्प्युटरच्या एका खोट्या जगात झोपवून ठेवलंय, आणि मोजके बंडखोर त्यातून जागे झालेत. कॉस्च्युम किम बॅरेटचे, आणि चष्मे ह्या पिक्चरसाठी वेगळे बनवून घेतलेले. लोक म्हणतात मॅट्रिक्समधे सगळे गॉगल लावतात. नाही लावत! नीट बघा. बंडखोरांच्या जहाजावर, म्हणजे खऱ्या जगात, कुणाकडेच गॉगल नाही, उसवलेले स्वेटर, टक्कल केलेली डोकी आणि उघडे डोळे. गॉगल फक्त खोट्या जगात. यंत्रांच्या बाजूने पहारा देणाऱ्या एजंट लोकांचे चौकोनी, सगळ्यांचे एकसारखे, सरकारी फायलीसारखे. बंडखोरांचे गोल, वळणदार, प्रत्येकाचा वेगळा. त्यांचा म्होरक्या मॉर्फिअस, त्याच्या चष्म्याला तर काड्याच नाहीत, नुसता नाकावर बसलाय, कान लागतच नाहीत, कारण ह्या जगाचे नियम आपल्याला लागू नाहीत हे तो कपड्यातूनच सांगतोय. आणि तो हिरोपुढे, निओपुढे, औषधासारख्या दोन गोळ्या धरतो, एक घेतली तर जाग, दुसरी घेतली तर परत झोप, तेव्हा त्याच्या दोन काचांमधे दोन निओ दिसतात. मॉर्फिअसचे डोळे दिसत नाहीत, आपल्याला निओच दिसतो, दोनदा, अजून काही न ठरवलेला.

मग निओ जागा होतो आणि विचारतो, माझे डोळे का दुखतायत? मॉर्फिअस सांगतो, तू ते कधी वापरलेच नाहीस. ही ओळ मनात धरून पुढचा पिक्चर बघा. भविष्य सांगणाऱ्या ऑरॅकलकडे गाडीतून जाताना निओला गॉगल नाही, उघड्या डोळ्यांनी तो खिडकीतून आपलं जुनं नूडल्स खायचं ठिकाण बघतो. लॉबीतल्या गोळीबारात गॉगल आहे. आणि शेवटी, मरून परत उठतो, बंदुकीच्या गोळ्या हवेत थांबवतो, समोरच्या भिंती आणि एजंट सगळे हिरव्या आकड्या-अक्षरांचे दिसायला लागतात, तेव्हा डोळ्यावर काय आहे? काहीच नाही. ज्या क्षणी त्याला खरंच दिसलं त्या क्षणी काच मधे नाही. नंतर फोन ठेवतो, बाहेर येतो, मग लावतो, आता त्याला त्याची गरज नाहीये.

पण माझा सगळ्यात आवडता सीन निओचा नाही, एजंट स्मिथचा आहे. मॉर्फिअसला खुर्चीत बांधलंय, स्मिथ बाकीच्या दोघांना बाहेर पाठवतो, कानातलं यंत्र काढतो, आणि मग चष्मा काढतो. हा प्रोग्राम आहे, ह्याला डोळे दाखवायची गरज काय? पण तो काढतो आणि मॉर्फिअसच्या अगदी जवळ जाऊन म्हणतो, मला ह्या जागेचा तिटकारा आहे, हा वास सहन होत नाही. कंटाळलाय तो, अडकलाय, सुटका हवीये त्याला. ह्यूगो विव्हिंगचे निळसर डोळे, पाणावल्यासारखे. पूर्ण पिक्चरमधे यंत्राच्या बाजूचा जर कुणी माणसासारखा वाटत असेल तर तो त्या मिनिटाला, आणि त्यासाठी डायरेक्टरांना काय करावं लागलं तर फक्त एक चष्मा उतरवावा लागला.

म्हणून मी आता गॉगलवाला पिक्चर लावला की तो लावतो कधी हे बघत नाही, काढतो कधी हे बघतो. रजनीकांतचा रोबोट, 2010चा, तो परत लावा, (शिवाजीराव गायकवाड, आपलाच मराठी माणूस, गॉगल लावण्याची कला त्याच्याइतकी कुणाला येत नाही) त्यात शास्त्रज्ञ आणि यंत्र दोघांचा चेहरा एकच आहे, तेव्हा कोणाचे डोळे कधी दिसतात ते बघत राहा, वेगळाच पिक्चर दिसेल.

आणि टर्मिनेटरचा दुसरा भाग, 1991. सुरुवातीला तो बारच्या मालकाच्या खिशातून गॉगल काढून घेतो, सगळं थिएटर तिथे शिट्ट्या मारतं. पण शेवट बघा. लोखंड वितळवायचा कारखाना, खाली उकळता रस, अर्धा चेहरा उडालाय, एक डोळा माणसाचा आणि एक तो लाल दिवा, पहिल्या भागातल्या यंत्राने जो झाकायला गॉगल लावला होता तसाच. आता झाकत नाहीये. ज्याला वाचवायला हा आला होता तो पोरगा रडतोय, आणि हा त्याच्या गालावरचं पाणी बोटाने टिपतो आणि म्हणतो, तुम्ही का रडता ते मला आता कळलंय, पण मला ते कधीच जमणार नाही. त्या लाल डोळ्यासमोर उभा राहून ते पोरगं मागे हटत नाही, मिठी मारतं.